मलय आणि चिनी कुटुंबांची आर्थिक तुलना: भागाकार करण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मलेशियात १९७० साली मलय कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १७२ रिंगिट (तिथलं चलन) होतं आणि चिनी, म्हणजे चिनी वंशाच्या मलेशियन, कुटुंबाचं ३९४, म्हणजे २.३ पट. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे ७,०९३ आणि ९,८९५ आहेत, म्हणजे १.४ पट. एक मित्र म्हणतो दरी बुजत आली, दुसरा म्हणतो खरी दरी संपत्तीत आहे आणि तिला कोणी हातही लावलेला नाही. यांत बरोबर कोण? आणि ‘नव्या आर्थिक धोरणामुळे (१९७१ पासूनच्या, भूमिपुत्रांना झुकतं माप देणाऱ्या सरकारी धोरणामुळे) दरी दोन तृतीयांशाने घटली’ असं प्रबंधात लिहायचं का?

भागाकार बरोबर आहे. अडचण अशी की एका प्रश्नात तुम्ही तीन प्रश्न विचारलेत: महिन्याकाठी हातात किती येतं, गाठीला किती आहे, आणि या फरकाला जबाबदार काय. तिन्हींची उत्तरं वेगळ्या आकड्यांतून येतात आणि प्रत्येक आकडा आपापल्या दिशेला चुकतो. कोणत्या दिशेला चुकतो ते बहुतेक वेळा आधीच सांगता येतं, आणि या कामातलं निम्मं कौशल्य तेवढंच आहे. छापील तक्ते हाती आहेत की घरोघरच्या नोंदी, यावरही बरंच अवलंबून आहे. तुमच्याकडे तक्तेच आहेत असं धरून लिहितो. नोंदी लागतील तिथे तसं सांगेन.

सुरुवात गटांच्या व्याख्येपासून. तुमचे दोन ‘मलय’ आकडे एकाच लोकांचे नाहीत. १९७० चा आकडा द्वीपकल्पीय मलेशियातल्या (देशाच्या आशिया खंडाला जोडलेल्या पश्चिम भागातल्या) मलय कुटुंबांचा आहे. २०१९ चा आकडा संपूर्ण देशातल्या ‘भूमिपुत्र’ कुटुंबांचा आहे. भूमिपुत्र हा सरकारी गट; त्यात मलयांबरोबर द्वीपकल्पातले ओरांग आस्ली (तिथले आदिवासी) येतात, तसेच बोर्निओ बेटावरच्या सबाह आणि सारावाक या राज्यांमधले कादाझान-दुसुन, इबान वगैरे समाजही. या दोन राज्यांत उत्पन्न कमी आहे: २०१९ मध्ये देशाचं मध्यक उत्पन्न (निम्मी घरं ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात ते) ५,८७३ रिंगिट होतं, तर सारावाकचं ४,५४४ आणि सबाहचं ४,२३५. त्यामुळे भूमिपुत्रांची सरासरी खाली ओढली जाते आणि फक्त मलय घेतले तर गुणोत्तर १.४ पेक्षा थोडं कमीच निघेल. प्रबंधात निदान तळटीप हवी. तक्ता ‘मलय’ आणि ‘इतर भूमिपुत्र’ असा फोडून मिळत असेल तर तोच वापरा.

आणखी दोन बारकावे. कुटुंबाचा वंश ठरतो कुटुंबप्रमुखावरून, त्यामुळे मिश्र विवाहाचं घर एकाच खान्यात जातं. शिवाय मलेशियाच्या राज्यघटनेच्या कलम १६० नुसार ‘मलय’ असणं हे इस्लाम धर्म, मलय भाषा आणि मलय रिवाज यांवर ठरतं, फक्त जन्मावर नाही. म्हणजे गटाची सीमा थोडी सरकती आहे. आकड्यांवर याचा परिणाम किरकोळ होतो, पण परीक्षक हमखास विचारतील. नंतरच्या पाहण्यांत फक्त नागरिकांची गणती होते हेही लक्षात ठेवा. बांधकामावरचे आणि पाम तेलाच्या मळ्यांतले परदेशी मजूर या चित्रात नाहीतच.

आता दरी मोजायची कशी. तुमच्याच आकड्यांतून तीन वेगळी वाक्यं निघतात आणि तिन्ही खरी आहेत. एक, मलय उत्पन्न चिनी उत्पन्नाच्या ४४ टक्के होतं, ते (भूमिपुत्र धरून) ७२ टक्के झालं. दोन, चिनी कुटुंबांची आघाडी १२९ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आली. तुमचं ‘दोन तृतीयांश’ इथून आलंय. तीन, रिंगिटमधला फरक २२२ वरून २,८०२ वर गेला. मधल्या काळात किमती साधारण पाचपट झाल्या असं धरलं, तर १९७० चे २२२ म्हणजे २०१९ चे सुमारे १,१०० रिंगिट. म्हणजे महागाई वजा करूनही रुपयाआण्यातली, किंवा इथल्या भाषेत रिंगिट-सेनमधली, दरी अडीच पट झाली. गुणोत्तर आक्रसलं आणि अंतर वाढलं, यात विसंगती काही नाही. दोन्ही गट झपाट्याने पुढे गेले, मलय जास्त वेगाने (४१ पट, चिनी २५ पट), पण चिनी कुटुंबांची सुरुवातच वरून होती. तुमचे दोन मित्र निम्मं भांडण इथेच भांडतायत. कुठलं माप का निवडलं ते एका वाक्यात लिहा आणि दुसरं माप शेजारी ठेवा.

सरासरीऐवजी मध्यक घेणं केव्हाही बरं. २०१९ चे मध्यक आहेत भूमिपुत्र ५,४२० आणि चिनी ७,३९१; गुणोत्तर १.३६. सरासरीपेक्षा थोडं कमी, कारण चिनी गटाची वरची शेपटी लांब आहे. गटाच्या आतला गिनी गुणांकही (विषमतेचं माप: ० म्हणजे सगळे सारखे, १ म्हणजे सगळं एकाकडे) तेच सांगतो: चिनी ०.४१७, भूमिपुत्र ०.३८९.

सगळ्यात मोठी चूक मात्र पुढेच असते, आणि ती म्हणजे घराचा आकार. कुटुंबाचं उत्पन्न हे माणसाचं राहणीमान नव्हे. मलय घरं सरासरीने मोठी असतात, चिनी घरं लहान. जन्मदरातली तफावत बघा: २०२२ मध्ये एकूण जननदर (एका स्त्रीमागे सरासरी मुलं) मलयांचा २.१ होता आणि चिन्यांचा ०.८. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका घरात ५ माणसं, उत्पन्न ६,०००. दुसऱ्यात ३ माणसं, उत्पन्न ७,५००. घराच्या हिशेबाने दुसरं १.२५ पट. दरडोई काढलं तर १,२०० आणि २,५००, म्हणजे २.०८ पट! पण दरडोई हिशेबही टोकाचा आहे, कारण पाच माणसांना पाच स्वयंपाकघरं लागत नाहीत. म्हणून उत्पन्नाला माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागतात: ६,००० भागिले २.२४ म्हणजे सुमारे २,६८०. ७,५०० भागिले १.७३ म्हणजे सुमारे ४,३३०. गुणोत्तर १.६१. एकाच दोन घरांची तीन उत्तरं, आणि घराच्या हिशेबाचं उत्तर सगळ्यात लहान.

याचा अर्थ तुमचा १.४ हा आकडा राहणीमानातली दरी कमी करून दाखवतो. किती, ते घरोघरच्या नोंदींशिवाय नेमकं सांगता येत नाही. गटाच्या मध्यक उत्पन्नाला गटाच्या सरासरी घराच्या आकाराने भागण्याचा मोह होईल. तो टाळा. मोठं घर आणि मोठं उत्पन्न बहुधा बरोबरच येतात, कारण कमावते हात जास्त असतात. त्यामुळे असा भागाकार खऱ्या मध्यकाशी जुळत नाही. नोंदी मिळाल्या तर क्रम असा ठेवा: आधी प्रत्येक घराचं समतुल्य उत्पन्न (वरच्यासारखं वर्गमुळाने भागून) काढा, मग त्या घराच्या पाहणीतल्या भाराला (ते नमुन्यातलं घर देशातल्या किती घरांच्या जागी धरलंय त्या आकड्याला) माणसांच्या संख्येने गुणा, आणि मग मध्यक काढा. माणसांच्या संख्येने गुणायचं विसरलात तर एकट्या राहणाऱ्या म्हातारीचं आणि सात जणांच्या घराचं वजन सारखंच धरलं जातं.

म्हातारीवरून वयाकडे येऊ. चिनी लोकसंख्या जास्त वयस्कर आहे. पंचेचाळीस-पन्नाशीतला कुटुंबप्रमुख सहसा सर्वाधिक कमावतो, तिशीतला कमी, सत्तरीतला त्याहून कमी. दोन्ही गटांचे मध्यक वयोगटानुसार वेगळे काढा (दहा-दहा वर्षांचे पाच गट पुरतात) आणि दोन्हींना एकच वयरचना लावून पुन्हा जोडा. गुणोत्तर वर जाईल की खाली हे आधीपासून सांगता येत नाही: तरुण मलय कुटुंबप्रमुख एका बाजूला ओढतात, निवृत्त चिनी दुसऱ्या. ज्या खान्यात पन्नासहून कमी घरं उरतील तिथला मध्यक छापू नका.

मग ठिकाण. २०१९ मध्ये केलांतान राज्याचं मध्यक उत्पन्न ३,५६३ रिंगिट आणि क्वालालंपूरचं १०,५४९. केलांतानची वस्ती जवळजवळ संपूर्ण मलय. चिनी वस्ती प्रामुख्याने शहरी. शहरात खर्च जास्त, म्हणून राज्यनिहाय किमतींनी उत्पन्न सारखं करून घेतलं तर दरी थोडी कमी होते. हे करणं रास्त आहे. पण याच्या पुढे जाऊन ‘ठिकाण सारखं धरलं तर दरी इतकीच उरते’ असं म्हणता, तेव्हा तुम्ही दरी मोजत नसता, समजावून सांगत असता. मलय खेड्यात आणि चिनी कथिलाच्या खाणींभोवती वाढलेल्या गावांत ही विभागणी ब्रिटिश राजवटीत तयार झाली. ती सारखी धरणं म्हणजे इतिहासच सारखा धरणं. दोन्ही आकडे द्या, पण वेगवेगळ्या शीर्षकांखाली.

दारिद्र्याचा दर वापरणार असाल तर एक खड्डा सांभाळा. सरकारी दर २०१६ साठी ०.४ टक्के होता आणि २०१९ साठी ५.६ टक्के. तीन वर्षांत गरिबी चौदापट झाली नाही. दारिद्र्यरेषा बदलली, महिना ९८० वरून २,२०८ रिंगिटवर. जुनी रेषा इतकी खाली होती की संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक फिलिप ऑल्स्टन यांनी २०१९ मध्ये तिच्यावर उघड टीका केली. नव्या पद्धतीने २०१६ चा दरही पुन्हा मोजला गेला, तो ७.६ टक्के येतो. दोन पद्धतींचे आकडे एका आलेखावर जोडले की सगळा आलेख बाद.

आता दुसऱ्या मित्राची बाजू, संपत्ती. इथे जमीन जास्त भुसभुशीत आहे. १३ मे १९६९ च्या मलय-चिनी दंगलीनंतर १९७१ मध्ये नवं आर्थिक धोरण आलं, आणि त्यात भूमिपुत्रांचा कंपन्यांच्या भागभांडवलातला वाटा १९९० पर्यंत ३० टक्के करण्याचं लक्ष्य होतं. १९७० मध्ये तो २.४ टक्के होता. सर्वांत मोठा वाटा, ६३.३ टक्के, चिन्यांचा नव्हे तर परदेशी मालकांचा होता. वादात हे सोयीस्करपणे विसरलं जातं. २००४ साठीचा सरकारी आकडा १८.९ टक्के. पण २००६ मध्ये एका खासगी संशोधन संस्थेने हाच वाटा सुमारे ४५ टक्के असल्याचा अंदाज मांडला आणि देशभर गदारोळ झाला. फरक हिशेबाच्या पद्धतीतून आला. सरकार समभाग दर्शनी मूल्याने (कागदावर छापलेल्या किमतीने) मोजत होतं, संस्थेने बाजारमूल्य धरलं. सरकारी मालकीच्या मोठ्या कंपन्यांचे समभाग कोणाच्या खात्यात टाकायचे हाही मुद्दा होता. प्रतिनिधी कंपन्यांच्या (दुसऱ्यांच्या वतीने समभाग नावावर ठेवणाऱ्या कंपन्यांच्या) नावावर असलेले समभाग कोणत्याच वंशाच्या नावे धड लागत नाहीत, ते वेगळंच. माझं मत विचाराल तर भागभांडवलातला वाटा हा कुटुंबांच्या सुस्थितीचा आकडाच नाही. सरकारी न्यासाकडे हजार कोटींचे समभाग आहेत म्हणून केलांतानमधल्या भातशेतकऱ्याच्या घरात काही येत नाही. मालकीच्या राजकारणावर लिहायचं असेल तर तो वापरा, राहणीमानावर लिहायचं असेल तर नको.

घरगुती संपत्ती मोजायला लोक कर्मचारी भविष्य निर्वाह निधीतली शिल्लक घेतात आणि तिथे फसतात. हा निधी मुख्यतः खासगी नोकरदारांचा. सरकारी नोकरीत मलयांचं प्रमाण मोठं आणि त्यांतल्या बहुतेकांना निधीऐवजी निवृत्तिवेतन मिळत आलंय. त्यांची शिल्लक शून्य किंवा नगण्य दिसते, पण महिना २,००० रिंगिटचं निवृत्तिवेतन वीस वर्षं मिळणार असेल, तर वार्षिक ३ टक्के वास्तव (महागाई वजा जाता) व्याजदराने त्याचं आजचं मूल्य साडेतीन लाख रिंगिटच्या वर जातं. निधीच्या शिल्लकेवरून काढलेली दरी म्हणून फुगलेली असते. उलट दिशेची चूकही होते: अमानाह साहाम बूमीपुत्रा या १९९० पासून चालणाऱ्या, फक्त भूमिपुत्रांसाठीच्या गुंतवणूक योजनेतली रक्कम पूर्ण संपत्ती म्हणून धरली जाते. या योजनेत अनेकजण बँकेचं कर्ज काढून पैसे घालतात. कर्ज वजा करूनच रक्कम घ्या, आणि इथेही मध्यक बघा, कारण मोठ्या रकमा थोड्या खात्यांत एकवटलेल्या आहेत. चिनी बाजूला न दिसणारा भाग म्हणजे घरगुती धंदे. शेअर बाजारात नसलेल्या खासगी कंपनीची किंमत पाहणीत कोणी नीट सांगत नाही, आणि स्वयंरोजगाराचं उत्पन्नही कमी सांगितलं जातं. अतिश्रीमंत घरं तर पाहणीला दारच उघडत नाहीत. या सगळ्यामुळे चिनी आकडा खऱ्यापेक्षा कमी येण्याकडे कल असतो.

म्हणून दुसरा मित्र दिशेने बरोबर आहे, संपत्तीतली दरी उत्पन्नातल्या दरीपेक्षा मोठी. पण ‘तशीच आहे’ हे त्याला सिद्ध करता येणार नाही, कारण १९७० सालची कुटुंबनिहाय संपत्तीची तुलनायोग्य पाहणीच त्याच्या हाताशी नाही.

एक आकडा मी अशा तुलनेत नेहमी घालायला सांगतो, कारण सरासरीने डोक्यात तयार होणारं चित्र तो मोडतो. यदृच्छया एक भूमिपुत्र कुटुंब आणि एक चिनी कुटुंब निवडलं, तर भूमिपुत्र कुटुंबाचं उत्पन्न जास्त असण्याची शक्यता किती? दोन्ही गटांत उत्पन्नाचं वितरण लॉगनॉर्मल आहे (उत्पन्नाचा लॉगॅरिदम घेतला की घंटेच्या आकाराचं सामान्य वितरण मिळतं) असं धरून वरच्या मध्यकांवरून आणि गिनी गुणांकांवरून काढता येतं. गिनीवरून लॉग उत्पन्नाचं प्रमाण विचलन (पसरटपणाचं माप) येतं: भूमिपुत्र सुमारे ०.७२, चिनी सुमारे ०.७८. मध्यकांच्या गुणोत्तराचा लॉग ०.३१. फरकाचं प्रमाण विचलन सुमारे १.०६. ०.३१ भागिले १.०६ म्हणजे ०.२९, आणि सामान्य वितरणाच्या तक्त्यावरून शक्यता येते सुमारे ३८ टक्के. शंभर जोड्यांपैकी ३८ मध्ये भूमिपुत्र कुटुंब वरचढ. ‘चिनी श्रीमंत, मलय गरीब’ या वाक्याला हे पुरेसं उत्तर आहे. विषमतेची फोड केली तरी तेच दिसतं: एकूण विषमतेतला बहुतेक भाग गटांच्या आतला, गटांमधला वाटा दहाव्या हिश्शाच्याही आत. म्हणून गटांमधली दरी बिनमहत्त्वाची, असा निष्कर्ष मात्र काढू नका. माणसं स्वतःची तुलना थील निर्देशांकाशी (विषमतेची अशी फोड करणाऱ्या मापाशी) करत नाहीत, शेजारच्या पेठेशी करतात.

राहिला तुमच्या वाक्यातला ‘मुळे’. तो काढा. शिक्षण, वय, ठिकाण सारखं धरून उरलेली दरी म्हणजे भेदभाव आणि बाकीची न्याय्य, असं मांडणारी ओआक्साका-ब्लाइंडर पद्धत तुमच्या हाती कोणीतरी ठेवेलच. ती चालवा, पण ‘स्पष्ट झालेला भाग’ म्हणजे ‘निर्दोष भाग’ समजू नका, कारण विद्यापीठातली जागा आणि सरकारी नोकरी याच धोरणाने वाटलेल्या आहेत. नोकरीच्या बाजारात उलट दिशेचा भेदही आहे: एका प्रयोगात तोलामोलाचे मलय आणि चिनी अर्ज खासगी कंपन्यांना पाठवले, तेव्हा मुलाखतीचं बोलावणं चिनी अर्जांना २२.१ टक्के आणि मलय अर्जांना ४.१ टक्के आलं.

धोरणाच्या वीस वर्षांतच पेनांगच्या बायान लेपासमध्ये १९७२ पासून इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने उभे राहिले आणि खेड्यांतल्या मलय मुली पगारावर गेल्या. १९५६ पासूनच्या फेल्डा या सरकारी जमीनवाटप संस्थेच्या वसाहतींनी भूमिहीनांना पाम तेलाच्या बागा दिल्या. आणि धोरणाला कंटाळून अनेक शिकलेले चिनी सिंगापूरला गेले. ते आज कमावतात भरपूर, पण २०१९ च्या पाहणीत त्यांचं घरच नाही. म्हणजे चिनी सरासरी ज्यांच्यावरून काढली ते मागे राहिलेले. यातलं काय धोरणाचं, काय जागतिक बाजाराचं, काय जाणाऱ्यांचं, हे दोन टोकांच्या दोन आकड्यांतून वेगळं होत नाही. वेगळं करायचंच असेल तर जन्मवर्षानुसार गट पाडा: धोरण आलं तेव्हा ज्यांचं शिक्षण संपलं होतं ते एकीकडे, ज्यांची शाळा धोरणातच सुरू झाली ते दुसरीकडे, आणि दोन्ही वंशांत या दोन पिढ्यांमधला फरक बघा. त्यासाठी घरोघरच्या नोंदी लागतीलच. त्या मिळेपर्यंत वाक्य असं ठेवा: ‘१९७० मध्ये द्वीपकल्पातील मलय कुटुंबांचे सरासरी उत्पन्न चिनी कुटुंबांच्या ४४ टक्के होते, २०१९ मध्ये देशभरातील भूमिपुत्र कुटुंबांचे ७२ टक्के. घराचा आकार हिशेबात घेतलेला नाही.’